माझ्या नावाचा दगड

तार घेऊन आलेला पोस्टमन नवा होता. आमच्या वस्तीवर तो पहिल्यांदाच येत होता, म्हणून सायकल बांधाला टेकवून त्यानं लांबूनच विचारलं, फडतऱ्यांचं घर हेच का. मी गोठ्यापुढं वैरण तोडत होतो. कोयता खाली ठेवला आणि हात विजारीला पुसत त्याच्याकडं गेलो.

"हिंदुराव बळवंत फडतरे तुमचे कोण?" त्यानं विचारलं.

हिंदुराव बळवंत फडतरे म्हणजे मी. पण तार कशाची असणार हे मला त्याच्या तोंडावरून कळलं होतं. महिना डिसेंबर होता, साल एकाहत्तर, आणि लढाई सुरू होती.

"भाऊ," मी म्हणालो.

तार इंग्रजीत होती. त्यानं ती एकदा मनात वाचली आणि मग मराठीत सांगितलं, की शिपाई हिंदुराव फडतरे पूर्वेच्या आघाडीवर लढताना कामी आले. आई ओट्यावर जोंधळे निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. ती म्हणाली, "चुकीची तार हाय ही. हिंदुराव ह्यो काय हितं हुबा हाय."

पोस्टमननं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आईला धक्का बसलाय, ती काही बोलंल, तुम्ही मनावर घेऊ नका. त्यानं मान हलवली. असं त्यानं त्या आठवड्यात आणखी कुठं पाहिलं असावं. सहीसाठी त्यानं कागद पुढं केला. मी 'दौलत फडतरे' अशी सही केली. ती सही मी त्या दिवशी पहिल्यांदा केली.

माझी बायको हौसा आतून जमीन सारवता सारवता उठून दारात आली होती. हाताला शेण तसंच. तिनं आपल्या नवऱ्याचं नाव ऐकलं होतं, आणि नवरा समोर उभा होता. तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती दारातच खाली बसली.

दौलत माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. घरात त्याला सगळे बापू म्हणायचे आणि मला अण्णा. वडील पासष्ट साली गेले. तीन वर्षांनी साताऱ्याला भरती निघाली, तेव्हा आईनं ठरवलं, की एकानं पलटणीत जायचं आणि एकानं शेत बघायचं. भरतीला सातवी पास लागत होती. सातवी मी झालो होतो. दौलतनं चौथीत शाळा सोडली होती. पण पलटणीची हौस त्याला होती, त्यानं माझ्या शाळेचा दाखला मागून घेतला आणि माझ्या नावावर भरती झाला. मी लोकांना हे असं सांगत आलो. लोकांना म्हणजे आमच्या वस्तीवरल्या सहा घरांना. त्यापलीकडं हे कुणाला माहीत नव्हतं. गावात आम्ही अण्णा आणि बापू होतो, कागदावरची नावं कोण विचारतो.

हौसा तेव्हा नवी नवरी होती. लग्नाला चार महिने झाले होते. लग्नात तिनं एकदा माझं नाव घेतलं होतं, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर नाही. तिच्या माहेरी ते फार कडक होतं. माझ्या नावाशी मिळतं म्हणून ती 'हिंदोळा' सुद्धा म्हणत नसे, झोका म्हणायची. दौलत तिला यावरून फार छळायचा. वैनी, तुमच्या मालकांचं नाव काय, मला आठवंना झालंय, असं दिवसातून दोनदा विचारायचा. ती त्याला ओलं फडकं फेकून मारायची.

भरती होऊन तो पलटणीत जायला निघाला, तेव्हा तिनं त्याच्या हातावर दही घातलं. तो म्हणाला, "वैनी, अण्णाचं नाव घेऊन चाललोय. तुमास्नी तसंबी त्याचा उपयोग न्हाई."

"परत आणून द्या म्हणजे झालं," ती म्हणाली.

"आणतो की."

लढाई संपल्यावर त्याची ट्रंक आली. प्रेत आलं नाही, त्या वेळी आणत नसत. काळी पत्र्याची ट्रंक, आणि झाकणावर पांढऱ्या रंगात माझं नाव. आत दोन शर्ट, एक आरसा, दाढीचं सामान आणि घरून गेलेली पत्रं होती. ती पत्रं मीच लिहिलेली, आणि वर पत्ताही मीच घातलेला, माझ्याच नावानं. हौसानं ती ट्रंक माजघरात ठेवली आणि तिच्यात गोधड्या भरल्या. झाकणावरचं नाव दिसू नये म्हणून तिच्यावर एक पोतं पसरलं. पुढं पन्नास वर्षं ते पोतं जुनं झालं की ती दुसरं घालायची.

आईला पेन्शन लागली. आता खरं सांगितलं तर ती थांबेल आणि पोराचं नावही पलटणीतून खोडतील, असं वस्तीवरल्या जाणत्या माणसांनी सांगितलं. म्हणून मी गप्प राहिलो. हिंदुराव कागदावर मेला होता, तेव्हा मला दौलत होणं भाग होतं. दौलतच्या चौथीच्या दाखल्यावर मी साखर कारखान्यात लागलो, बॉयलरवर. सातबारा, रेशनकार्ड, मतदारयादी, सगळीकडं दौलत झालो. गावात नवी माणसं आली, त्यांनी मला दौलतअण्णा म्हणायला सुरुवात केली. काही वर्षांनी कुणी दौलत म्हणून हाक मारली, तर मी लगेच वळून बघू लागलो. हौसाला मात्र ते कधी सवयीचं झालं नाही. कुणी मला त्या नावानं हाक मारली, की ती हातातलं काम थांबवायची आणि मग पुन्हा करायला लागायची.

आई चौऱ्याण्णव साली गेली. पेन्शन तिच्याबरोबर संपली. म्हणजे गप्प राहायचं एक कारण संपलं. हौसानं वर्षश्राद्ध झाल्यावर मला विचारलं, आता भावजींचं नाव सांगायला काय हरकत आहे. मी म्हणालो, अजून नोकरी आहे, त्याच्या दाखल्यावर लागलोय, रिटायर झाल्यावर बघू. ती बरं म्हणाली.

दोन हजार साली गावच्या शाळेच्या आवारात दगड बसवला. गावातले तीन जवान वेगवेगळ्या लढायांत गेले होते, त्यांची नावं काळ्या दगडावर कोरली. मधलं नाव माझं. हिंदुराव बळवंत फडतरे, खाली एकाहत्तर साल. दर तीस जानेवारीला, हुतात्मा दिनाला, तिथं कार्यक्रम होऊ लागला. आम्हाला बोलावणं यायचं. मी जायचो नाही, कारण त्या दिवशी अकरा वाजता कारखान्याचा भोंगा मी वाजवायचो. एक भोंगा अकराला, मग दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं, मग दुसरा भोंगा. नऊ वर्षं मला तो भोंगा पुरला. हौसा घरी असायची. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, तू का जात नाहीस. ती म्हणाली, "माझं कुंकू असताना त्या नावाला हार घालू व्हय मी?"

तिच्या बाजूनं मी त्याचा विचारच केला नव्हता.

मी रिटायर झालो, त्याच्या पुढच्या जानेवारीतली ही गोष्ट. शाळेवर गुरव सर नावाचे नवे हेडमास्तर आले होते. परगावचे, उत्साही माणूस. ते स्वतः वस्तीवर आमंत्रण द्यायला आले. त्यांनी नवी पद्धत काढली होती. आजवर शहिदांची नावं शिक्षक वाचायचे. आता ती त्यांच्या घरच्याच माणसांनी माइकवर घ्यायची, आणि शक्यतो घरच्या बाईनं, म्हणजे मुलांच्या मनावर परिणाम होतो. आमच्या घरात बाई एकच होती. काकू, तुम्हीच शहिदांच्या भावजय, तुम्हीच नाव घ्यायचं, असं सांगून आणि चहा घेऊन ते गेले.

ते गेल्यावर हौसानं कपबशा उचलल्या. मला वाटलं ती नाही म्हणेल.

"मला ते नाव घेता येत न्हाई, हे ठावं हाय ना तुमास्नी?"

"आता कोण पाळतं," मी म्हणालो.

"मी पाळते." मग कपबशा विसळत म्हणाली, "पर येते मी. तुम्ही रिटायर झालात नव्हं आता?"

रिटायर झाल्यावर बघू, हे माझेच शब्द होते. तिनं ते पंधरा वर्षं जपून ठेवले होते. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. मी समजलो की ती नुसती फुलं वाहील आणि नाव मला घ्यायला सांगेल.

तीस तारखेला आम्ही चालत गेलो. तिनं लग्नकार्याला नेसायचं हिरवं लुगडं नेसलं होतं. शाळेच्या आवारात पोरं ओळीनं बसवली होती. दगडाजवळ दहा-बारा खुर्च्या, एक टेबल, टेबलावर झेंडूचे तीन हार आणि माइक. वस्तीवरला जगूतात्या येऊन बसला होता. त्या सहा घरांतल्या जुन्या माणसांत तो एकटाच उरला होता.

अकराला भोंगा झाला. दोन मैलांवरून तो नीट ऐकू येत होता. माझ्या जागी आलेल्या माणसानं तो एकदम सोडला. मी हळूहळू वाढवत न्यायचो. सगळे उभे राहिले. पोरं सुद्धा हलत नव्हती. रस्त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याला काही हे माहीत नव्हतं. हौसा दगडाकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मधलं नाव कुणाचं ते तिला माहीत होतं.

दुसरा भोंगा झाला आणि सगळे बसले. पहिल्या शहिदाची म्हातारी आई आली होती. तिला दोघींनी धरून नेलं. तिनं मुलाचं नाव घेतलं आणि पोरं एका आवाजात "अमर रहे" ओरडली. मग गुरव सरांनी हौसाला बोलावलं.

ती उठली. पदर सारखा केला. एक हार उचलून हातात धरला. सरांनी माइक तिच्या तोंडापुढं आणला. लोकांकडं न बघता, दगडाकडं बघत ती म्हणाली,

"दौलत बळवंत फडतरे."

"अमर रहे," पोरं ओरडली. त्यांना नाव आलं की ओरडायचं, एवढंच शिकवलं होतं.

मग खुर्च्यांत कुणीतरी हसलं. अंगणवाडीच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "अगं बया, काकूंनी नवऱ्याचंच नाव घेतलं." ते सगळ्यांना ऐकू गेलं. हसणं पोरांपर्यंत पोचलं. वाईट मनानं कुणी हसत नव्हतं. म्हातारी बाई माइकपुढं गोंधळली, इतकंच त्यांना दिसलं. गुरव सरही हसत हसत म्हणाले, "काकू, हा उखाणा नाही. आपल्या शहीद जवानाचं नाव घ्या."

हौसा हसली नाही आणि ओशाळलीही नाही. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. जगूतात्याही माझ्याकडंच बघत होता. तिला जेवढं करता येण्यासारखं होतं, तेवढं तिनं केलं होतं. त्याचं खरं नाव तिनं चारचौघांत घेतलं होतं. पुढचं माझ्याकडं होतं. तिचं बरोबर आहे, एवढं एक वाक्य. पेन्शन नव्हती, आई नव्हती, नोकरी संपली होती.

मी उठलो. सरांच्या हातातून माइक घेतला.

"तिचं चुकलं," मी म्हणालो. "वय झालंय. हिंदुराव बळवंत फडतरे."

"अमर रहे," पोरं ओरडली.

हौसाचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडं गेला. तिनं दुसऱ्या हातातला हार दगडाला घातला नाही, टेबलावर परत ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. हार नंतर सरांनी घातला.

परतताना जगूतात्या बांधापर्यंत आमच्याबरोबर होता. त्याच्या वाटेला वळताना तो मला म्हणाला, "वैनीनं बरोबर नाव घेतलं की रं." मी चालायला लागलो. "आता कोण फाशी देतंय तुला," असं म्हणून तो गेला.

घरी येऊन हौसानं लुगडं बदललं, चूल पेटवली. भाकरी थापताना ती बोलली. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"माझं चुकलं न्हवतं."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

मी तिला समजावू लागलो. खोट्या दाखल्यावर भरती झालेला माणूस म्हणून त्याचं नाव दगडावरून काढतील, ते काही बरं दिसणार नाही, त्याचीच अब्रू जाईल. मी बराच वेळ बोललो. तिनं भाकरी उलटली.

"दाखला भावजींनी मागितला न्हवता," ती म्हणाली. "तुम्ही दिला. मी चुलीपाशी हुते."

ते खरं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, जगूतात्यालाही नाही. भरतीला मी जायचं ठरलं होतं. आईनं माझंच नाव काढलं होतं. त्या सकाळी निघायच्या वेळी मी दौलतला म्हणालो, माझ्या पोटात दुखतंय, तू जा. तो बैल सोडत होता. तो म्हणाला, अण्णा, माझी चौथी हाय, मला कोण घेतंय. मी माझा दाखला घडी करून त्याच्या खिशात घातला आणि म्हणालो, आता तुझी सातवी. तो हसला. पलटणीची हौस त्याला होती हे मी नंतर सांगू लागलो. खरी होती की नव्हती, मी कधी विचारलं नाही. माझ्या पोटात दुखत नव्हतं.

चाळीस वर्षं हौसाला हे माहीत होतं. तिनं एकदाही काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं, आणि पुन्हा कधी काढलं नाही. त्या दुपारी तिनं मला वाढलं, जवळ बसली, मीठ हवं का विचारलं. एवढंच म्हणाली, "त्या मानसाला एकदा त्याच्या नावानं हाक पडली. तीबी तुम्ही पुसली."

मी म्हणालो, अर्ज करू आपण. कलेक्टरला नाहीतर सैनिक ऑफिसला. रीतसर करू. ती बरं म्हणाली, आईच्या वर्षश्राद्धानंतर म्हणाली होती तसंच.

त्यानंतर ती दगडापाशी गेली नाही. तीस तारखेला भोंगा झाला, की जिथं असेल तिथं दोन मिनिटं उभी राहायची, अंगणात नाहीतर शेतात. मी शाळेत जायचो आणि नाव घ्यायचो. आपलंच नाव माइकवर घ्यायचं आणि पोरांनी अमर रहे म्हणायचं, याचीही सवय होते.

दोन वर्षांपूर्वी तिला तालुक्याला दवाखान्यात ठेवलं. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स केसपेपर भरायला आली. मी बाहेर औषध आणायला गेलो होतो. परत आलो तर नर्स दारातच भेटली. म्हणाली, आजोबा, आजींना भ्रम होतोय का? नवऱ्याचं नाव विचारलं, तर हिंदुराव सांगतात. मी आजींना म्हटलं, आधारकार्डावर तर दौलत आहे. तर म्हणतात, ते माझ्या दिराचं.

लग्नातल्या उखाण्यानंतर हौसानं माझं नाव घेतलं होतं, पन्नासपेक्षा जास्त वर्षांनी. आणि ते ऐकायला मी तिथं नव्हतो.

नर्स पेन घेऊन थांबली होती. मी म्हणालो, "वय झालंय. कधीकधी बोलते असं."

तिनं दौलत लिहिलं आणि पुढं गेली. मी आत जाऊन बसलो. खाटेवरून दारातलं सगळं ऐकू येत होतं. हौसा जागी होती. ती माझ्याकडं बघत होती. मी औषधाची बाटली काढून दिली, ती तिनं घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, कुंकू भरलं आणि तिच्या पाया पडल्या. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर पतीचं नाव दौलत बळवंत फडतरे असं आहे.

तिच्या वर्षश्राद्धानंतर मी अर्ज लिहायला घेतला. मला चांगलं लिहिता येत नाही, पण सातवी झालोय, जमतं. एकाहत्तर साली जो जवान गेला त्याचं खरं नाव काय, दाखला कुणाचा, तो त्याला कुणी आणि का दिला, हे सगळं लिहिलं. पोटात दुखत नव्हतं हेही लिहिलं. दगडावर नाव बदलून मिळावं, अशी शेवटी विनंती केली. अर्ज दोन पानांचा झाला. खाली 'आपला नम्र' लिहिलं आणि तिथं थांबलो. दौलत अशी सही केली, तर वरचं सगळं खोटं ठरतं. हिंदुराव अशी करावी, तर पन्नास वर्षांत ती सही मी केलेली नाही. कोऱ्या कागदावर करून पाहिली. हात ती विसरलाय.

या तीस जानेवारीला मी शाळेत गेलो नाही. भोंगा झाला तेव्हा माजघरात होतो, ट्रंकेवरलं पोतं काढून ठेवलं होतं. दोन मिनिटं उभा राहिलो. अर्ज त्याच ट्रंकेत आहे. त्यावर सही व्हायची आहे.